आमच्या घरातल्या वस्तूंना झाकणं नव्हती

आमच्या घरात कुठल्याही वस्तूला झाकण नव्हतं. डब्यांना होतं, कारण डबे आईच्या ताब्यात होते. विजेवर चालणारं जे काही होतं ते मात्र सगळं उघडं. रेडिओ फळीवर आतड्यांसकट बसलेला. टीव्हीची पाठ काढून पलंगाखाली ठेवलेली, आणि त्या पाठीत आई कांदे ठेवायची. मिक्सरच्या खाली बूड नव्हतं, म्हणून तो दोन विटांवर उभा करावा लागे. दारावरच्या घंटीची कळ बाबांनी काढली होती आणि तिथे दोन तारा लोंबत होत्या. नवा पाहुणा बाहेरून हाका मारायचा, ओळखीचा माणूस तारा चिमटीत धरून एकमेकींना लावायचा आणि शहाणा माणूस दारावर थाप मारायचा. बाबांचं म्हणणं असं की झाकण लावून करायचं काय, उद्या परत उघडायचंच आहे. हे ते अशा थाटात सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, झाकण लावणारी माणसं आळशी असतात.

हल्ली मी एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर आहे. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर इथले, घरात बसून इलेक्ट्रॉनिक्सची खुडबुड करणारे आम्ही सगळे. बहुतेक पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडचे. दर रविवारी सकाळी कोणीतरी आपल्या टेबलाचा फोटो टाकतो आणि खाली लिहितो, ‘माझा कोपरा’. मग अंगठ्यांचा पाऊस. मी ते फोटो मोठे करून बघतो. टेबलाकडे मी बघतच नाही. टेबल कुठे ठेवलंय ते बघतो. शंभरातल्या नव्वद घरांत ते खिडकीपाशी असतं. कोपरा म्हणायचं आणि घरातली सगळ्यात चांगली जागा दाबून बसायचं, अशी ही जात आहे. मी त्याच जातीचा आहे, म्हणून इतक्या खात्रीने बोलतो.

आमचं घर बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात दुसऱ्या मजल्यावर होतं. बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून हात बाहेर काढला की शेजारच्या इमारतीच्या भिंतीला लागायचा. तिथे भर दुपारीही दिवा लावल्याशिवाय तिखट कोणतं आणि हळद कोणती ते कळत नसे. बाहेरच्या खोलीची खिडकी मात्र मोकळ्यावर उघडायची. तेव्हा समोर भातखाचरं होती. सकाळपासून पार चार-साडेचार वाजेपर्यंत तिच्यातून असा उजेड यायचा की जमिनीवर पडलेली टाचणी उठून दिसावी. त्या खिडकीखाली बाबांचं टेबल होतं. कंपनीत यंत्रं आली तेव्हाच्या खोक्यांच्या फळ्यांचं केलेलं, आणि त्यावर ‘काच, सांभाळा’ अशा अर्थाचं इंग्रजी छापलेलं. बाबा त्याला लॅब म्हणत. लॅबमध्ये काय होतं? उल्हासनगरच्या भंगारवाल्यांकडून वजनावर आणलेली सर्किटं, बाटल्यांच्या बुचांमध्ये ठेवलेले स्क्रू, एक पांगळा मीटर, जळकं टोक असलेला सोल्डरिंग आयर्न आणि राळेचा डबा. राळ जळली की खोलीभर गोड, चिकट वास पसरायचा. मला तो फार आवडायचा. आज तो वास आला की मला माझीच किळस येते, पण ते पुढे.

आईच्या स्वयंपाकाचा वास मात्र बाबांना चालत नसे. तळणीचा धूर काँटॅक्टवर बसतो, असं त्यांचं शास्त्र होतं. म्हणून बोंबील तळायचे, सुकट परतायची, ते बाबांची दुसरी पाळी असेल तेव्हा. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात ते पॅकिंगला होते. दुपारी रिक्षात बसून ते गेले की आई खिडकी सताड उघडायची, तवा ठेवायची आणि सुकटीचा तो सणसणीत वास जिन्यावरून खाली उतरायचा. खालच्या गायकवाड काकू ओरडायच्या, “काय गं, भाऊजी कामावर गेले वाटतं!” अख्ख्या इमारतीला आमच्या घराचं वेळापत्रक वासावरून कळायचं.

कारखान्यात बाबांना कोणी विचारत नव्हतं. खोकी बंद करायची, त्यांवर शिक्के मारायचे, हे काम. म्हणजे दिवसभर तिथे झाकणं लावायची आणि घरी येऊन झाकणं काढायची. हे मला आज लिहिताना सुचलं आणि क्षणभर त्यांची दया आली. पण ती टिकत नाही. कारण टेबलाशी बसले की ते जे काही व्हायचे ते मला आठवतं. डोळ्यांवर चष्मा, त्यावर भिंग, दातांत तार, आणि कुणी हाक मारली तर एक बोट वर. ते बोट म्हणजे, थांब, इथे महत्त्वाचं चाललंय. नातेवाइकांत त्यांचा लौकिक मोठा होता. जयंतीला विहारात पोरं स्पीकर लावायची तेव्हा बाबांना विचारून लावायची. मावशीचा मिक्सर, चुलत्याचा टेपरेकॉर्डर, आत्याचा टेबलफॅन, सगळं आमच्याकडे यायचं. परत काही जात नसे. उघडलेलं असायचं, त्यातला एखादा भाग दुसऱ्या कशात तरी गेलेला असायचा, आणि मालकाने विचारलं की बाबा गंभीर चेहरा करून म्हणायचे, “पार्ट मिळत नाही.” आत्याने तर शेवटी उन्हाळ्यात नवा पंखा घेतला आणि तो आमच्यापासून लपवून ठेवला.

आणि आई खिसे शिवायची. उल्हासनगरला जीन्सचे कारखाने आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. त्या पँटींचे मागचे खिसे तेव्हा आसपासच्या कितीतरी घरांत शिवले जायचे. आई शेअर रिक्षाने जाऊन कापलेल्या तुकड्यांचं गाठोडं आणायची, पायमशीनवर शिवायची आणि परत पोचवायची. घरातलं तेल-मीठ आणि माझी शाळा त्या खिशांवर चालायची, कारण बाबांच्या पगाराला भंगारवाल्यांची ओढ होती. मशीन ठेवलं होतं बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या बोळकांडीत. तिथे ना खिडकीचा उजेड पोचायचा ना ट्यूबलाइटचा. आता गंमत बघा. कापड गडद निळं आणि दोराही गडद निळा. निळ्यावर निळी शिवण बोळकांडीत कशी दिसणार? आई तुकडा डोळ्यांना लावायची, बोटाने चाचपायची, अंदाजाने चालवायची. दोन ओळी शेजारी शेजारी जायला हव्यात, त्या मध्येच एकमेकींवर चढायच्या.

एकदा गाठोडं उचलायला मी तिच्याबरोबर उल्हासनगरला गेलो होतो. गाळ्याचा शेठ सिंधी, म्हातारा, बोलायला गोड. बायकांना तो अदी म्हणायचा, म्हणजे त्यांच्यात बहीण. त्याने आईचे खिसे दाराशी नेऊन उन्हात धरले.

“अदी, ये लाइन देखो. दारू पिऊन शिवला काय?”

आई हसली नाही. म्हणाली, “उजेड नाही शेठ मशीनपाशी.”

“मग दिवसा शिव ना. रात को क्यूं सिलती हो?”

“दिवसाच शिवते. दिवसच पोचत नाही माझ्यापर्यंत.”

शेठने खिसे परत गाठोड्यात टाकले. उसवून पुन्हा शिवून आण म्हणाला. “ये लास्ट टाइम हां अदी. पुढच्या वेळी असा माल आला तर काम दुसऱ्या बाईला. मला पण वर जवाब द्यायचा असतो.” रिक्षात आई गाठोडं मांडीवर घेऊन, एखाद्या आजारी मुलाला घेऊन बसावं तशी बसली होती.

त्या दिवशी जेवताना तिने बाबांकडे खिडकी मागितली. मागितली म्हणजे काय, डाळ वाढता वाढता म्हणाली, “अहो, तुमचं टेबल बोळकांडीत सरकवा. मशीन खिडकीशी येऊ द्या. तुम्ही दिवा लावून काम करता, मला दिवा पुरत नाही.” बाबांनी घास गिळला. मग सांगितलं की टेबल हलवता येणार नाही, सोल्डरिंगचा धूर बाहेर जायला खिडकी लागते, तो छातीला वाईट. “पोराच्या छातीलाही वाईट,” असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. मला त्या टेबलाशी बसायला मिळायचं, म्हणून डोलावली. आई म्हणाली, “काम जाईल माझं.” बाबांचा हात ताटात थांबला. त्यांच्या डोळ्यांत ती चमक आली, जी आत्याचा पंखा पहिल्यांदा बघितल्यावर आली होती.

“थांब,” ते म्हणाले, “तुझं मशीन मी मोटरवर करतो.”

सगळ्या प्रकरणाचं सार या एका वाक्यात आहे. तिने खिडकी मागितली, त्यांनी मोटर दिली. मी ही जात आयुष्यभर जवळून बघतो आहे, आणि तिचं लक्षण हेच. समोरच्याने मागितलेली वस्तू द्यायला आपल्याला जागेवरून उठावं लागणार असेल, तर आम्ही बसल्या जागी दुसरंच काहीतरी बनवून देतो. वर त्याने खूश व्हावं, अशी अपेक्षा ठेवतो. आई म्हणाली, “मला वेग नको हो, उजेड पाहिजे.” बाबांचं बोट वर गेलं.

मावशीच्या मिक्सरची मोटर निघाली. मशीनच्या चाकाला पट्टा बसवला. वेग कमी-जास्त करायला पायाखाली एक कळ आणि तिच्यापुढे एक सर्किट. त्यात ट्रायॅक नावाचा तीन पायांचा तुकडा असतो, पाय दाबाल तशी तो मोटरला वीज सोडतो. तो बाबांनी पंख्याच्या जुन्या रेग्युलेटरमधून काढला. पंखा म्हणजे गरीब गाय, आणि मिक्सरची मोटर म्हणजे मारकुटा बैल. गाईचं दावं बैलाला लावलं तर काय होतं ते कुठल्याही शेतकऱ्याने सांगितलं असतं. आम्हाला ते कळत नव्हतं. आम्हाला सर्किट कळत होतं.

आम्ही दोघांनी ते बल्बवर तपासलं. लाकडी पाटीवर एक मोठा पिवळा बल्ब होता, कुठलीही नवी जोडणी आधी त्याच्यामधून वीज देऊन बघायची. आत काही चिकटलेलं असेल तर बल्ब भक्कन पेटतो आणि बाकीचं वाचतं. आम्ही मोटर लावली. पाय दाबला, मोटर हळूहळू फिरली. सोडला, थांबली. बल्ब मंद लालसर. बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्या थापेसाठी मी काय वाटेल ते केलं असतं. बल्ब मध्ये होता म्हणून मोटरला पुरेशी वीजच मिळत नव्हती, ती बिचारी बल्बच्या दयेवर फिरत होती, हे आमच्या डोक्यात आलं नाही. पाटी मीच धरली होती. अभिमानाने धरली होती.

शनिवारी दुपारी बाबांची सुट्टी होती. आई भाकऱ्या करून, हात पुसत येऊन मशीनवर बसली. बल्ब काढून आता वीज सरळ भिंतीतून घेतली होती, आणि बाबांच्या पद्धतीने, म्हणजे पिन नाही, तारांची टोकं भोकांत खुपसून त्यांत माचिसच्या काड्या ठोकलेल्या. सर्किट मशीनच्या फळीवर उघडंच. पहिला खिसा भर्रकन झाला. बाबा म्हणाले, “बघ!” दुसरा झाला. आईच्या चेहऱ्यावर भीती होती, पण बाबांना ती दिसली नाही. मला दिसली, आणि बायकांना यंत्राची भीती वाटते असं मला वाटलं. तिसऱ्या खिशाचा कोपरा आला. तिथे कापडाच्या घड्या एकावर एक येतात. मोटर अडली, घुमली. आईने पाय उचलला. मोटर थांबायला हवी होती. ती सुटली. पाय वर, आणि मशीन वेड्यासारखं चालतंय. आईचा उजवा हात सवयीने चाकाकडे गेला, आणि डावं बोट कापडाबरोबर आत ओढलं गेलं.

तिने किंकाळी मारली नाही. “ए, ए, ए,” एवढंच म्हणाली, जसं दुधाला उतू जाताना म्हणावं. मी तारा उपटल्या. माचिसच्या काड्या खाली पडल्या. मशीन थांबलं, आणि सुई तिच्या नखातून आरपार गेलेली.

आता जे लिहायचं आहे त्यासाठी हे प्रकरण आहे. बाबा धावले. वाकले. आणि सर्किटला बोट लावून बघितलं. “चटका बसतोय,” म्हणाले. “ट्रायॅक शॉर्ट झाला. म्हणून पाय सोडला तरी वीज चालू राहिली.” मी म्हणालो, “बघू.” मीही वाकलो. काळा पडला होता, वास येत होता. आमची दोन डोकी त्या सर्किटवर एकमेकांना लागली. आमच्या डोक्यांपासून वीतभर अंतरावर आईचं बोट सुईत अडकलेलं होतं.

आईने उजव्या हाताने चाक उलटं फिरवलं. सुई वर आली, अर्धी. टोक आतच मोडलं होतं. तिने निळा खिसा घेऊन बोटाभोवती गुंडाळला. त्या कापडावर रक्त दिसतच नव्हतं, नुसतं ओलं दिसत होतं. मग ती उठली आणि म्हणाली, “बघा दोघं. नीट बघा. मी जाऊन येते.” जिन्यातून तिने गायकवाड काकूंना हाक मारली. काकू पीठ लागलेल्या हातांनी वर आल्या, त्यांनी खोलीत डोकं घालून आम्हाला बघितलं आणि म्हणाल्या, “भाऊजी, सुई मशीनला टोचली काय हो?” बाबा म्हणाले, “नाही नाही, तिच्या बोटाला,” आणि तेव्हा कुठे ते उभे राहिले. ते चप्पल शोधेपर्यंत दोघी रिक्षात बसून बदलापूर गावातल्या डॉक्टरांकडे निघाल्या. बाबा चप्पल घालून खाली गेले, पण रिक्षा निघून गेली होती. परत येऊन ते टेबलाशी बसले. मी खाली पडलेल्या काड्या गोळा करून त्यांच्याजवळ ठेवल्या. आजही मला प्रश्न पडतो, त्या काड्या मी का ठेवल्या असतील? पुढच्या वेळेसाठी?

दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे मंडळाची बैठक. दाभाडे नावाचे बाबांचे कंपनीतले मित्र आणि आणखी दोघे सकाळी यायचे, टेबलाभोवती बसायचे. ही माणसं घरी कधी दिवा बदलत नसावीत, पण आमच्याकडे येऊन ‘सप्लाय’, ‘ग्राउंड’ असे शब्द तोंडात घोळवायची. त्या दिवशी बाबांनी सगळा किस्सा सांगितला. हातवारे करून, मोटर कशी सुटली, आवाज कसा झाला. किश्शात आई होती, पण वजनासाठी टाकलेल्या गोणीइतकी, लोड म्हणून. मग चर्चा. दाभाडे म्हणाले, “ट्रायॅकची उष्णता काढायला तुम्ही हीट सिंक लावला नाही, तिथे चुकलं.” दुसरा म्हणाला, “फ्यूज पाहिजे होता.” तिसरा म्हणाला, “मिक्सरची मोटरच चुकीची.” सगळे अगदी बरोबर बोलत होते. इतकी बरोबर बोलणारी माणसं मी पुन्हा एका जागी बघितली नाहीत. मीसुद्धा मध्ये तोंड घातलं, बल्बची पाटी हातात घेऊन सांगू लागलो की तपासताना अमुक दिसलं होतं.

आई चहा घेऊन आली. डाव्या हाताचं बोट पांढऱ्या पट्टीत, वर उभं, आणि बाकीच्या बोटांनी ताट धरलेलं. चौघांनी कप उचलले. दाभाडेंनी घोट घेतला आणि म्हणाले, “वहिनी, साखर जरा...” एवढं बोलून त्यांनी चमच्याने गोल फिरवल्याची खूण केली.

आईने ताट खाली ठेवलं.

“दाभाडे भावजी, कप ठेवा. उठा.”

“साखर मी घेतो ना वहिनी, बसा तुम्ही...”

“उठा. तो कोपरा धरा. तुम्ही हा धरा, आणि तुम्ही तो. अहो, तुम्ही चौथा. टेबलाला चार कोपरे आहेत आणि तुम्ही चौघं आहात. उचला.”

बाबा म्हणाले, “अगं, सामान आहे वरती.”

“सामानासकट उचला. बोट सुईत असताना सर्किट बघितलंत ना? मग सामान असताना टेबल उचलायला काय होतंय?”

परक्याच्या घरात बाईने असं सांगितल्यावर नाही म्हणायची पद्धत त्या माणसांना माहीत नव्हती. त्यांनी टेबल उचललं. बुचं घरंगळली, स्क्रू फरशीवर सांडले, राळेचा डबा पडून राळेचे तुकडे झाले. ते जड टेबल बोळकांडीकडे जाताना दाराच्या चौकटीत अडकलं, आणि तिथे चौघं धापा टाकत उभे असताना दाभाडे हळूच बाबांना म्हणाले, “हीट सिंक लावायलाच पाहिजे होता.” बाबा म्हणाले, “हो, अॅल्युमिनियमची पट्टी होती माझ्याकडे.” हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

मशीन आईने स्वतः सरकवलं, एका हाताने आणि कमरेने. मी मध्ये उभा होतो. पाटी अजून माझ्या हातात होती. तिने माझ्याकडे बघितलं. “आणि तू तो दिवा खाली ठेव,” म्हणाली. “दिवसा कशाला धरलायस?”

त्या दुपारी तिने मोटरचा पट्टा कापून टाकला, पायाने मशीन चालवलं आणि परत आलेलं गाठोडं खिडकीत बसून उसवून शिवलं. पट्टीतलं बोट कापडाला लागू नये म्हणून तिने सरळ बाहेर धरलं होतं, जणू समोरच्या भातखाचरांकडे बोट दाखवतेय. शिवण सरळ आली. काम टिकलं. खिडकी नंतर कधीच कोणी तिच्याकडून मागितली नाही. बाबा बोळकांडीत दिवा लावून बसायचे, मंडळ हळूहळू यायचं थांबलं. बाबांनी तिला बोटाबद्दल कधी विचारल्याचं मला आठवत नाही. एकदा मात्र त्यांनी सगळ्या वस्तूंना झाकणं लावली. सबंध रविवार लावत बसले होते. स्क्रू हरवले होते म्हणून दोऱ्याने बांधली, निळ्या दोऱ्याने. टीव्हीच्या पाठीतून कांदे काढून ती पाठ आईच्या हातात देताना ते म्हणाले, “धर,” आणि तिने धरली. माफी म्हणायची असेल तर तीच. मला ती तेव्हाही पुरली नाही आणि ते गेल्यावरही पुरली नाही. गेलेल्या माणसाबद्दल इतकं कडू असू नये, असं विहारात वंदनेला बसलो की मनात येतं. बाहेर आलो की पुन्हा तेच.

आई आता माझ्याकडे असते, बदलापुरातच. त्या बोटाच्या टोकाला तिला काही कळत नाही, भाकरीचा तवा तापला का ते ती दुसऱ्या बोटाने बघते. डोळेही अधू झालेत, शिवणकाम सुटलं. मध्यंतरी ती मला म्हणाली, “संध्याकाळच्या गोळीची आठवण राहत नाही रे. तू घरी असतोस तेव्हा एक हाक मारत जा.” मी हो म्हणालो. माझ्या टेबलाशी बसलो आणि तिच्यासाठी एक छोटी पेटी केली, जी रोज ठरल्या वेळी वाजते आणि तिच्यावर लाल अक्षरं पळतात. खूप छान झाली. ग्रुपवर फोटो टाकला. ‘आईसाठी’ असं लिहिलं. इतके अंगठे मला कधी मिळाले नव्हते. एकाने लिहिलं, दादा, खिडकीचा उजेड काय मस्त पडलाय.

पेटीला झाकण नाही. अजून एक-दोन बदल करायचे आहेत म्हणून लावलेलं नाही. संध्याकाळी ती वाजायला लागली की आई पलंगावरून उठते, स्वयंपाकघरातून एक स्टीलचं पातेलं आणते आणि तिच्यावर उपडं घालते. पेटी आत वाजत राहते, विहिरीत पडलेल्या बेडकासारखी. आई पुन्हा पलंगावर जाऊन बसते. गोळी हातात, पाण्याचा तांब्या शेजारी. गोळी ती घेत नाही. माझ्या खोलीच्या दाराकडे तोंड करून बसून राहते, मी हाक मारेपर्यंत.